गाडी उंच झाली, पण स्टीअरिंगचे काय?

वाहन अभ्यास : उंच केलेल्या गाडीतील स्टीअरिंग रॉडची मोकळीक

कॅडेट मित्रहो,

कृष्णराजनगर तालुक्यात भाताची खाचरे, कालव्याकाठच्या कच्च्या वाटा आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आपण रोज पाहतो. अशा वाटेवर साधी मोटार पोटाला घासते. म्हणून पुष्कळ जण जुनी जीप किंवा जिप्सी घेतात आणि ती चार-पाच इंच उंच करून घेतात. गोव्यात भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेतही अशा उंच केलेल्या गाड्या चिखलातून आणि ओढ्यातून जाताना दिसतात. आपल्यापैकी अनेकांना त्या आवडतात आणि त्यात गैर काहीच नाही.

पण गाडी उंच करताना एक गोष्ट हमखास मागे राहते, ती म्हणजे स्टीअरिंग. आजच्या पाठात तीन गोष्टी शिकायच्या आहेत : उंची वाढली की स्टीअरिंगचे रॉड कशाला आणि का अडतात, ती अडचण मोजायची कशी, आणि ती दूर करण्याचे कोणते उपाय योग्य व कोणते जिवावर बेतणारे आहेत.

१. आधी भागांची ओळख

सरळ दांड्याचा पुढचा ॲक्सल असलेल्या गाडीत, म्हणजे जुन्या जीप किंवा १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मारुती जिप्सीसारख्या गाडीत, स्टीअरिंगची साखळी साधारण अशी असते. स्टीअरिंगचे चक्र फिरवले की स्टीअरिंग बॉक्समधला शाफ्ट फिरतो. त्या शाफ्टला एक लोखंडी हात जोडलेला असतो, तो पिटमन आर्म. पिटमन आर्मपासून एका चाकाच्या नकलपर्यंत जो रॉड जातो तो ड्रॅग लिंक. नकल म्हणजे ज्यावर चाक बसते आणि ज्याच्या आधाराने ते डावी-उजवीकडे वळते तो भाग. एका नकलला दुसऱ्या नकलशी जोडणारा लांब रॉड म्हणजे टाय रॉड. त्यामुळे एक चाक वळले की दुसरेही वळते.

आता एक फरक नीट लक्षात ठेवा, कारण सगळा पाठ त्यावर उभा आहे. टाय रॉडची दोन्ही टोके ॲक्सलवर असतात. ॲक्सल वर-खाली झाला की टाय रॉडही त्याच्याबरोबर वर-खाली होतो. ड्रॅग लिंकचे तसे नाही. त्याचे एक टोक चेसिसवर बसवलेल्या स्टीअरिंग बॉक्सला आणि दुसरे ॲक्सलवरच्या नकलला. एक पाय होडीत आणि एक पाय काठावर, अशी त्याची अवस्था. होडी आणि काठ यांच्यातले अंतर बदलले की तोल या रॉडचाच जातो.

२. उंची वाढते तेव्हा नेमके काय होते

जिप्सी आणि जुन्या जीपमध्ये कंपनीकडून येताना पाटे ॲक्सलच्या खाली बसवलेले असतात. उंची वाढवण्याचा गॅरेजमधला प्रचलित मार्ग म्हणजे पाटे ॲक्सलच्या वर घेणे. पाटे खालून वर आले की ॲक्सलच्या नळीची जाडी, पाट्यांच्या थप्पीची जाडी आणि बैठकीची उंची एवढ्याने चेसिस वर उचलली जाते. म्हणून एका कामात साधारण पाच इंच मिळतात. खर्च कमी आणि उंची भरपूर, म्हणून हा मार्ग लोकप्रिय.

पण त्याबरोबर दोन अडचणी एकदम येतात.

पहिली अडचण जागेची. पाटे खाली असताना त्यांच्यावरची जागा मोकळी होती आणि स्टीअरिंगचे रॉड तिथूनच हलत होते. आता त्याच जागेत पाट्यांची थप्पी आणि यू-बोल्ट येऊन बसतात. चाक पूर्ण वळवले किंवा एक चाक दगडावर चढले की रॉड पाट्यावर टेकतो. टेकला की चक्र तिथेच अडते. वळणावर, उतारावर असे झाले तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी अडचण कोनाची. स्टीअरिंग बॉक्स चेसिसबरोबर वर गेला, नकल जमिनीजवळच राहिली. जो ड्रॅग लिंक जवळजवळ आडवा होता तो आता उतरता झाला. ही अडचण डोळ्यांना दिसते, पण तिचा परिणाम हिशेब केल्याशिवाय कळत नाही. तो हिशेब करू.

३. पायथागोरसचा एक हिशेब

समजा ड्रॅग लिंकची लांबी ८०० मि.मी. आहे आणि मूळ गाडीत तो अगदी आडवा आहे. नकलवरच्या हाताची लांबी १५० मि.मी. धरू. गाडी १०० मि.मी. उंच केली. रॉडची लांबी बदलत नाही, म्हणून काटकोन त्रिकोणात त्याची आडवी पोच मोजू.

नकलकडचे टोक ० मि.मी. खाली असताना आडवी पोच ८०० मि.मी.
५० मि.मी. खाली असताना ७९८.४ मि.मी.
१०० मि.मी. खाली असताना ७९३.७ मि.मी.
१५० मि.मी. खाली असताना ७८५.८ मि.मी.

पहिला निष्कर्ष : गाडी नुसती उभी असतानाच पोच ६.३ मि.मी. कमी झाली. १५० मि.मी.च्या हातावर याचा अर्थ चाक सुमारे २.४ अंश वळले. स्टीअरिंगचे गुणोत्तर १६ धरले तर सरळ जाण्यासाठी चक्र जवळजवळ ३८ अंश तिरपे धरावे लागेल. उंच केलेल्या गाडीचे चक्र वाकडे दिसते ते यामुळे.

दुसरा निष्कर्ष त्याहून महत्त्वाचा. मूळ गाडीत चाक ५० मि.मी. उंचवट्यावर चढले तर पोच फक्त १.६ मि.मी.ने बदलत होती, म्हणजे चाक अर्ध्या अंशाच्या आसपास वळत होते. उंच केलेल्या गाडीत तोच उंचवटा ४.७ मि.मी. फरक पाडतो, म्हणजे सुमारे १.८ अंश. आणि चाक ५० मि.मी. खड्ड्यात उतरले तर फरक ७.९ मि.मी., म्हणजे तब्बल ३ अंश. चालकाने चक्राला बोटही लावले नाही आणि चाक वळले!

१.८ अंश ऐकायला क्षुल्लक वाटते. पण २.४ मीटर अंतराच्या दोन ॲक्सलची गाडी १.८ अंशाने वळली तर ती सुमारे ७६ मीटर त्रिज्येच्या वळणावर जाऊ लागते. हासनकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगात, समोरून ट्रक येत असताना, क्षणभर का होईना गाडीने स्वतःहून असे वळण घेतले तर? खड्ड्यामुळे चाक आपोआप वळण्याच्या या दोषाला बम्प स्टीअर म्हणतात. 

म्हणून ध्यानात ठेवा : रॉड कशालाही टेकत नाही एवढ्याने काम संपत नाही. तो आडवाही असला पाहिजे.

४. मोजायचे कसे

हे काम सपाट, टणक जमिनीवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली कधीही जायचे नाही. जॅक उचलण्यासाठी, भार पेलण्यासाठी घोडी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

पहिले पाऊल, खुणा शोधणे. रॉड, पाटे, यू-बोल्ट, डिफरन्शियलचा गोळा आणि चेसिस पुसून घ्या. जिथे रंग उडून धातू चकाकतो तिथे घर्षण आहे. नुसत्या नजरेने अर्धे निदान इथेच होते.

दुसरे पाऊल, झिजलेले भाग वेगळे काढणे. एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने प्रत्येक बॉल जॉइंटवर हात ठेवायचा. प्ले असेल तर तो हाताला जाणवतो. पाट्यांचे बुश झिजले असतील किंवा मधला बोल्ट तुटला असेल तर ॲक्सल जागचा सरकतो आणि रॉड टेकू लागतो. अशा वेळी दोष रॉडचा नसतोच. आधी झिजलेले भाग बदला, मग मोजा.

तिसरे पाऊल, पंधरा मापे. निलंबनाच्या पाच स्थिती घ्या : गाडी नेहमीसारखी उभी, दोन्ही चाके पूर्ण वर, दोन्ही पूर्ण खाली, डावे वर व उजवे खाली, उजवे वर व डावे खाली. प्रत्येक स्थितीत चक्र तीन ठिकाणी न्या : पूर्ण डावीकडे, मधोमध, पूर्ण उजवीकडे. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा मापे. वहीत तक्ता आखा आणि सर्वांत कमी मोकळीक असलेल्या चौकटीला लाल खूण करा. 

जिथे हात किंवा पट्टी पोचत नाही तिथे लहान मुलांच्या खेळण्याची क्ले वापरा. संशयित जागी तिचा जाड गोळा चिकटवा, चक्र सावकाश फिरवा, मग दाबलेल्या क्लेची जाडी मोजा. तीच तुमची मोकळीक. गाडी चालताना पाटे पीळ खातात, रबरी बुश दबतात. म्हणून उभ्या गाडीत किमान बोटभर, १२ ते १५ मि.मी. मोकळीक सर्वांत वाईट स्थितीतही उरली पाहिजे, असा नियम या पाठासाठी पाळू.

अनेक गॅरेजमध्ये गाडी सपाट फरशीवर उभी करून चक्र दोन वेळा फिरवतात आणि ‘कुठे लागत नाही’ म्हणून मोकळे होतात. त्यांनी पंधरापैकी तीनच मापे घेतलेली असतात. आणि रॉड अडतो तो बहुधा उरलेल्या बारांमध्ये.

५. उपाय, सोप्यापासून अवघडाकडे

उंची कमी करा. हा पहिला विचार असावा. दोन इंचांत काम भागत असेल तर पाच इंच कशासाठी? वरच्या तक्त्यात पाहा, रॉडचा कोन वाढत जातो तसा प्रत्येक पुढचा इंच आधीच्यापेक्षा महाग पडतो.

हालचालीला मर्यादा घाला. ॲक्सल फार वर येऊ नये म्हणून रबरी स्टॉपर उंच करता येतो. चाक फार वळू नये म्हणून नकलवरचा स्टॉप बोल्ट बाहेर काढता येतो. दोन्ही उपाय सुरक्षित आहेत, पण पहिल्यात निलंबनाची हालचाल कमी होते आणि दुसऱ्यात गाडीला वळायला जास्त जागा लागते. शिवाय रॉडचा कोन तसाच राहतो.

खाली वाकलेला पिटमन आर्म बसवा. त्यामुळे ड्रॅग लिंकचे वरचे टोक खाली येते आणि रॉड पुन्हा आडव्याच्या जवळ जातो. मात्र आर्म जितका खाली, तितका बॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर तिरपा ताण अधिक. आर्म घडीव पोलादाचा, त्याच गाडीसाठी बनवलेला हवा. दोन तुकडे वेल्ड करून जोडलेला आर्म कधीही चालणार नाही.

नकलवर उंच आर्म बसवा. ड्रॅग लिंक खाली आणण्याऐवजी नकलकडचे टोक वर न्यायचे. रॉड पाट्यांच्या वरून, आडवा आणि मोकळा जातो. जागा आणि कोन या दोन्ही अडचणी एकदम सुटतात, म्हणून पाटे वर घेतलेल्या गाडीसाठी हा सर्वांत नेटका उपाय. पण वर गेलेला रॉड चेसिसला किंवा इंजिनच्या तळाला लागत नाही ना, यासाठी पंधरा मापे पुन्हा घ्यावी लागतात.

या दोन्ही उपायांत एक बारकावा आहे. टाय रॉड एंडचा खुंट निमुळता असतो आणि तो तशाच निमुळत्या भोकात घट्ट बसतो. पकड नटची नसते, या निमुळत्या बैठकीची असते. रॉड दुसऱ्या बाजूने बसवायचा असेल तर भोक योग्य रीमरने निमुळते करावे लागते. साध्या ड्रिलने सरळ भोक पाडून नट आवळला तर खुंट आत हलत राहतो आणि एक दिवस तुटतो.

सुट्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत, उदाहरणार्थ भारतात २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत, ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून आणखी एक तिरका रॉड असतो. तिथे ड्रॅग लिंक आणि तो रॉड एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. एक सुधारून दुसरा तसाच ठेवला तर बम्प स्टीअर कमी होण्याऐवजी वाढतो. २०२० च्या थारमध्ये पुढे सरळ ॲक्सलच नाही, त्यामुळे हा पाठ तिला जसाच्या तसा लावू नका.

६. जे कधीही करायचे नाही : रॉड वाकवणे

रॉड पाट्याला लागतो? गॅसने लाल करा, वाकवा, पाट्याला वळसा घाला. दहा मिनिटांचे काम, आणि म्हणूनच सर्वांत जास्त केले जाणारे. त्यात काय चुकते ते आकड्यांत पाहू.

समजा रॉडवर ३००० न्यूटनचा जोर येतो आणि रॉड २५ मि.मी. व्यासाचा भरीव आहे. सरळ रॉडमध्ये हा जोर पूर्ण छेदावर सारखा वाटला जातो. ताण फक्त ६ मेगापास्कलच्या आसपास येतो. आता तोच रॉड मधोमध ६० मि.मी. बाजूला वाकवला. जोर आता रॉडच्या मधल्या भागातून न जाता ६० मि.मी. दुरून जातो. त्यामुळे १८० न्यूटन मीटरचा वाकवणारा पीळ तयार होतो आणि त्याचा ताण सुमारे ११७ मेगापास्कल. मूळ ताणाच्या एकोणीस पट! सूत्र सोपे आहे : बाजूला गेलेल्या अंतराची आठपट भागिले व्यास.

रॉड त्याच दिवशी तुटेल असे नाही, आणि धोका इथेच आहे. प्रत्येक खड्ड्यागणिक हा ताण उलटसुलट होत राहतो. शिवाय लाल तापवलेल्या जागी पोलादाचे मूळचे गुण राहिलेले नसतात. बारीक चीर पडते, ती रंगाखाली आणि ग्रीसखाली वाढत जाते. कंपनीचे काही रॉड मुळातच वाकडे असतात हे खरे. पण त्यांची जाडी आणि पोलाद त्या वाकासाठीच ठरवलेले असते.

पाट्याची किंवा रॉडची कड ग्राइंडरने घासून जागा करणे हाही याच जातीचा उद्योग. ब्रेकला दुसरी ओळ असते, हँडब्रेक असतो. तुटलेल्या ड्रॅग लिंकला पर्याय नसतो.

७. काम झाल्यावर

उंची बदलली की चक्र वाकडे दिसते. ते सरळ करण्यासाठी चक्र काढून दुसऱ्या दात्यावर बसवू नका. आधी स्टीअरिंग बॉक्स बरोबर मधोमध आणा, मग ड्रॅग लिंकची लांबी जमवा, म्हणजे चक्र आपोआप सरळ येते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्या. प्रत्येक नट ठरलेल्या जोराने आवळा, नवी स्प्लिट पिन घाला, जुनी पुन्हा वापरू नका. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन जास्त झाला नाही हेही बघा. मोकळ्या मैदानात अगदी हळू चालवून पाहा, आणि शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा तपासा.

८. पालकांसाठी आणि उद्याच्या चालकांसाठी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा पाटे वर घेतलेली जीप मुलाला अठराव्या वाढदिवसाला द्यावी असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी. स्पर्धेची गाडी बंद मैदानात चालते. रस्त्यावर दुसऱ्यांची मुले असतात.

मग आपण हे का शिकायचे? कारण हे दोष केवळ उंच केलेल्या गाडीतच येतात असे नाही. पाटा तुटलेली, बुश गेलेली, जादा भार भरलेली कोणतीही गाडी हीच लक्षणे दाखवते. सैन्यात चालक गाडी काढण्यापूर्वी फर्स्ट परेड, थांब्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड करतो; त्यात गाडीखाली वाकून पाहणे येतेच. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेली ईएमई कोअर दुरुस्तीला असते, पण पहिली नजर चालकाची. आणि उद्या तुमच्यापैकी जो अधिकारी होईल त्याच्या सहीवर एखाद्या डोंगरी रस्त्यावर दहा जवानांची गाडी निघेल. सही करण्यापूर्वी खाली वाकून पाहण्याची सवय आत्तापासून लावून घ्या.

अभ्यास

१. टाय रॉडची मोकळीक आणि ड्रॅग लिंकची मोकळीक यांत फरक का पडतो? आकृती काढून सांगा.

२. ड्रॅग लिंक ९०० मि.मी. लांब व मुळात आडवा आहे. गाडी ८० मि.मी. उंच केली तर आडवी पोच किती कमी होईल? (उत्तर : सुमारे ३.६ मि.मी.)

३. २५ मि.मी. व्यासाचा भरीव रॉड ४० मि.मी. बाजूला वाकवला, तर वाकण्याचा ताण सरळ रॉडच्या ताणाच्या किती पट? (उत्तर : १२.८ पट)

४. प्रात्यक्षिक : शाळेच्या किंवा घरच्या ट्रॅक्टरचे, जीपचे स्टीअरिंग मोठ्या माणसांच्या उपस्थितीत, गाडी न उचलता, फक्त नजरेने तपासा. चकाकणाऱ्या खुणा, फाटलेले रबर, नसलेली स्प्लिट पिन यांची नोंद वहीत करून पुढच्या तासाला आणा.

जय हिंद!